बंटीचा आठ

नागपुरात शंकरनगरच्या पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं चालू होतं. तेवढ्यात बंटीनं मोबाइल आमच्या नाकासमोर धरला. "पाय बे, कसा चकाचक नंबर आला!"

त्याच्या दुकानासमोर एका काकूंची पोत ओढून दोघं मोटरसायकलवर पळाले होते. कॅमेऱ्यात पाटी म्हणजे नुसता पांढरा डाग. रात्री इन्फ्रारेडचा उजेड पाटीवर आपटला की असंच होतं. बंटीनं तो तुकडा एआयच्या अ‍ॅपमध्ये टाकला, तर एमएच 31 आणि शेवटी स्वच्छ आठ.

"दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाक," आमचा वकील म्हणाला. टाकला. सहा आला.

"मूळ चित्रात त्या आकड्याचे ठिपके चार-पाच. अ‍ॅपनं तेवढ्यावर रांगोळीतला मोर काढला."

"मंग काहीच करायचं नाही का?" मी.

"कर ना. उजेड कमी-जास्त कर, व्हिडिओच्या वीस फ्रेम एकावर एक बसवून सरासरी काढ. जे आहे तेच वर येते. फक्त काय काय केलं ते लिहून ठेव, दुसऱ्या तज्ज्ञालेही तेच निघालं पाहिजे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 2024 मध्ये खुनाच्या खटल्यात एआयनं सुधारलेला व्हिडिओ जजनं घेतलाच नाही."

बंटी तापला. "कोर्टाचं राहू दे. पोलिसायले शोधायले तं कामी येईन?"

"आन् आठवाला त्या रात्री घरी झोपला असला तं?"

मला बंटीचं अगदीच चूक वाटलं नाही. सुगावा वेगळा, पुरावा वेगळा. पण असा गुळगुळीत आठ पाहिला की सहाकडे कोण बघतो?

मग वकिलाची गाडी जालन्याला पोचली. ती पोचतेच. 2014 च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज तीनच्या आत आला की नंतर, यावरून खोतकर आणि गोरंट्याल या दोन उमेदवारांचा खटला, आणि पुरावा म्हणून व्हिडिओ चित्रण. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, चित्रणाची नक्कल कोर्टात द्यायची तर ती कशी काढली याचं प्रमाणपत्र पाहिजेच. आता 1 जुलै 2024 पासून पुराव्याच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं, कलम 63. त्यात फाइलची हॅशही लिहावी लागते.

"हॅश म्हणजे?"

"फाइलचा अंगठा. एक ठिपका हलला की अंगठा बदलला. तू पोलिसायले काय देल्लं?"

"व्हॉट्सअ‍ॅप केला ना."

वकिलानं कपाळाला हात लावला. "ते तं व्हिडिओ आणखी दाबून, लहान करून पाठवते. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवते तो डबा, डीव्हीआर?"

"चालू आहे."

"किती दिवसाचं राहते?"

"पंधरा. मंग जुन्यावर नवं चढते."

"पोत कधी ओढली?"

बंटी बोटं मोजायला लागला. तेराव्या बोटाला आम्ही खर्रा तिथंच टाकून दुकानाकडे निघालो.

डीव्हीआरचं घड्याळ सात मिनिटं पुढं होतं. वकिलानं शेजारी बंटीचा मोबाइल धरून दोन्ही वेळांचा फोटो काढला, मगच त्याला माउसला हात लावू दिला.