'दहापेक्षा कमी माणसं, म्हणजे पॉश नाही': व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सल्ल्याची झडती

पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा 2013 चा कायदा. त्याबद्दल छोट्या कारखानदार-दुकानदारांमध्ये एक मेसेज फिरतो आहे: 'दहापेक्षा कमी कामगार असतील तर पॉश कायदा लागू नाही. जास्त असतील तर चार नावांची समिती कागदावर दाखवा. लेखी तक्रार येईपर्यंत मालकाला काही करावं लागत नाही. तक्रार सिद्ध झाली नाही तर बाईवरच कारवाई करता येते.' चारही वाक्यं चुकीची आहेत.

'दहापेक्षा कमी असतील तर लागू नाही'
2013 च्या कायद्यात दहाचा आकडा आहे, पण तक्रार कुणाकडे जाणार एवढंच तो ठरवतो. माणसं कमी म्हणून अंतर्गत समिती (म्हणजे तक्रारींची चौकशी करणारी, कामाच्या जागेची स्वतःची समिती) नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घरकाम करणारी बाईसुद्धा तिथे दाद मागू शकते. शिवाय मोजणीतच गफलत होते. पगारपत्रकावर सहा नावं असतात. पण रोजंदारीवरचे, कंत्राटदारामार्फत आलेले, शिकाऊ हेही कायद्याच्या व्याख्येत कर्मचारीच.

'कागदावर समिती पुरे'
अंतर्गत समिती कशी हवी? अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान दोन कर्मचारी सदस्य, शिवाय स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार अशी एक बाहेरची व्यक्ती. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. चौकशीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. बाहेरचा सदस्य नेमलेलाच नसतो, नाहीतर मुदत कधीच उलटून गेलेली असते. मग चौकशीच्या निष्कर्षाला आव्हान द्यायला आयतं कारण मिळतं. घाईसुद्धा महागात पडते. गोवा विद्यापीठातल्या 2009 च्या चौकशीत समितीनं सुनावण्या भराभर उरकल्या, बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर आधारलेली बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे धाडलं. म्हणजे चौदा वर्षांनी तक्रारदार आणि प्रतिवादी दोघेही होते तिथेच!

'तक्रार येईपर्यंत काही नाही'
मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण कलम 19 मधली बरीच कामं तक्रारीच्या आधीची आहेत. छळाचे दंडात्मक परिणाम आणि समिती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावायचा. ठरावीक काळानं कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायच्या, समिती सदस्यांना प्रशिक्षण द्यायचं. लैंगिक छळ हे सेवानियमांत गैरवर्तन धरायचं. ग्राहक, पुरवठादार अशा बाहेरून येणाऱ्यांपासूनही महिलांना सुरक्षित ठेवायचं. कंपनीनं दिलेली गाडी हीसुद्धा कामाचीच जागा.

तक्रार आली की दिवस मोजायला लागायचं. घटनेपासून तीन महिन्यांत ती लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीचं काम. प्रत सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्याकडे, त्याचं उत्तर दहा कामकाजाच्या दिवसांत. चौकशी 90 दिवसांत पुरी, त्यानंतर 10 दिवसांत अहवाल, आणि तो हाती आल्यापासून 60 दिवसांत मालकाची कारवाई. चौकशी चालू असताना तिनं लेखी मागितलं तर समिती तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजेची शिफारस करू शकते, आणि मालकाला ती अमलात आणावी लागते.

'सिद्ध झाली नाही तर बाईवर कारवाई'
पुरावा कमी पडला एवढ्यावर कारवाई करता येत नाही, असं कलम 14 मध्येच लिहिलं आहे. खोटेपणामागचा दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.

समितीच नेमली नाही तर दंड 50,000 रुपयांपर्यंत. पुन्हा तोच गुन्हा केला तर शिक्षा दुप्पट, आणि व्यवसायाचा परवानाही रद्द होऊ शकतो.