मॅथिसला कचऱ्यात टाकणं म्हणे 'प्रोफेशनल'

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. एक रील, खाली मराठीत लांबलचक पोस्ट, आणि त्याचा स्वतःचा एकच शब्द, "पटलं". रीलमध्ये डॅनियल क्रेगचा जेम्स बाँड आपल्या मित्राचं प्रेत कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकतो, त्याच्या पाकिटातले पैसे काढून घेतो, शेजारी उभी असलेली बाई विचारते की मित्रांना असंच वागवतोस का तू, आणि हा म्हणतो त्याला काही फरक पडला नसता. मागे धडधडतं म्युझिक. पोस्टमध्ये सहा मुद्दे, की बाँड कसा शंभर टक्के बरोबर आणि आपण सगळ्यांनीच आयुष्यात असं का व्हायला पाहिजे. हीच पोस्ट त्याआधी दोन ग्रुपवर येऊन गेली होती, मी न वाचता अंगठ्याने पुढे ढकलली होती. पण ह्या पोराचा लहानपणापासूनचा मित्र गेल्या महिन्यात बाइकच्या अपघातात गेला आणि हा अजून त्याच्या घरी गेलेला नाही. ताई दर फोनला तेच सांगते. त्यामुळे ते 'पटलं' काही मला झोपू देईना. उठलो आणि सिनेमा परत लावला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा 'क्वांटम ऑफ सोलेस', 2008 चा, दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर. मेलेला मित्र रेने मॅथिस, हे काम जियानकार्लो जियानिनी ह्या इटालियन नटानं केलंय आणि काय केलंय! बाँड त्याला इटलीतून बोलिव्हियाला घेऊन येतो. ला पाझमध्ये दोन पोलिस बाँडची गाडी अडवतात, डिकी उघडायला लावतात, तर आत मॅथिस, मारून मारून अर्धमेला केलेला. बाँड त्याला उचलून बाहेर काढत असताना पोलिस गोळ्या घालतात, त्या मॅथिसला लागतात, बाँड दोघांनाही मारतो. मग तो कचऱ्याचा डबा.

आता मुद्दे. पहिला, "मॅथिस गद्दार होता, गद्दाराला काय चंदन लावून जाळायचं?" लिहिणाऱ्यानं सिनेमे पाहिलेत की नुसत्या रील्स, हा प्रश्नच आहे. 2006 च्या 'कसिनो रॉयाल'मध्ये मॅथिसवर संशय येतो तो कशामुळे, तर ल शिफ्र नावाचा व्हिलन बाँडला पकडल्यावर सांगतो की तुझा मित्र मॅथिस खरं तर माझा मित्र. व्हिलनच्या सांगण्यावरून! पुढे कळतं की फितूर झाली होती ती व्हेस्पर, म्हणजे बाँड जिच्या प्रेमात होता तीच. तरी हा बाबा फोनवर एमला, म्हणजे त्याच्या बॉस बाईला, काय सांगतो, तर तिचा गुन्हा सिद्ध झाला म्हणून मॅथिस निर्दोष ठरत नाही, त्याची चौकशी चालूच ठेवा. म्हणजे एका निरपराध माणसाला ह्यानं लटकवत ठेवलं, नंतर तो सुटला, भरपाई म्हणून त्याला समुद्रकाठी घर मिळालं, आणि तरीही बाँड दारात आला तेव्हा म्हातारा त्याच्याबरोबर निघाला. गद्दार म्हणे.

दुसरा मुद्दा प्रॅक्टिकल आहे. पोलिस मागावर होते, प्रेत घेऊन फिरता येत नाही, पैसे काढले ते लुटारूंचं काम वाटावं म्हणून. ह्यात अर्धं खरं आहे, ते कबूल करतो, नाइलाजानं का होईना. रस्त्यावर दोन पोलिस मरून पडलेत, तिथे थांबून कोणी अंत्यसंस्कार करत बसणार नाही. पैशांचंही कारण आहे, पण पोस्टमधलं नाही. एमनं बाँडची कार्डं आणि पासपोर्ट आधीच बंद केलेत, म्हणून तर तो मॅथिसच्या दारात गेला होता. खिशात दमडी नाही तर मेलेल्याच्या पाकिटातले घेतले, ठीक आहे, मॅथिसनं जिवंतपणीही दिलेच असते. पण लुटारूंचं काम वाटावं? गोळ्या लागलेले दोन वर्दीतले पोलिस तिथेच बाजूला आहेत राव, कोणत्या गावात असे लुटारू असतात. आणि हा माणूस गुपचूप राहणाऱ्यातला आहे का? ला पाझला उतरल्यावर साध्या हॉटेलात राहायचं ठरलेलं असताना हा नाक मुरडून महागड्या हॉटेलात जातो आणि काउंटरवर सांगतो की आम्ही रजेवरचे शिक्षक, आम्हाला लॉटरी लागलीय. एवढी काळजी घेणारा माणूस एकदम प्रेतापाशी येऊन सावध झाला, हे मला तरी पटत नाही. रस्त्याकडेला झोपवून डोळे मिटायला जेवढा वेळ लागतो त्याहून उचलून डब्यात टाकायला जास्तच लागतो.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र माझं डोकं सटकलं. पोस्टमध्ये लिहिलंय की बाँडचा जन्मदाता इयान फ्लेमिंग स्वतःच त्याला 'अप्रतिम यंत्र' म्हणतो, यंत्राला मित्र नसतात. बरं. ते वाक्य आहे 1953 च्या 'कसिनो रॉयाल' कादंबरीत, माझ्याकडे जुनी प्रत आहे, पिवळी पडलेली, काढून बघितली. बोलणारा कोण आहे माहितीये? मॅथिस! हाच मॅथिस, ज्याला डब्यात टाकण्याचं समर्थन करायला हे वाक्य वापरलंय. बाँड छळातून वाचून हॉस्पिटलमध्ये पडलाय, चांगलं काय वाईट काय ह्यावर मोठमोठं बोलतोय, नोकरी सोडतो म्हणतोय, आणि मॅथिस निघता निघता त्याची थट्टा करत सांगतो की बाबा रे, आपल्याभोवती माणसं गोळा कर, तत्त्वांसाठी लढण्यापेक्षा माणसांसाठी लढणं सोपं असतं. त्याच्यापुढे, दाराकडे जाता जाता, हसत, ते यंत्राचं वाक्य येतं, की तू मात्र माणूस होऊन आमची निराशा करू नकोस हं, एवढं छान यंत्र आम्ही गमावून बसू. पोस्टवाल्यानं पुढचं अर्धं वाक्य घेतलं आणि माणसं गोळा कर हे खाऊन टाकलं. चेष्टेनं म्हटलेलं वाक्य सुविचार म्हणून छापायचं, तेही ज्यानं म्हटलं त्याच्याच प्रेतावर. कादंबरीच्या शेवटी व्हेस्पर मरते तेव्हा तो यंत्रमानव डोळे पुसतो, तेही लिहिलेलं आहे. मग चेहरा दगडासारखा करून फोन करायला जातो, आणि सगळ्यांना लक्षात राहतो तो फोन.

रीलचंही असंच झालंय. रील सुरू होते डब्यापासून. सिनेमात त्याच्याआधी काय आहे? बाँड त्याच रस्त्यावर मॅथिसला मांडीवर धरून बसलाय. पोलिस येतील, गोळ्यांचे आवाज सगळ्यांनी ऐकलेत, तरी बसलाय. मॅथिस विचारतो, आपण एकमेकांना माफ केलं ना? बाँड म्हणतो, तुला एकट्याला सोडायला नको होतं मी. मग मॅथिस व्हेस्परचं नाव काढतो, तिनं तुझ्यासाठी सगळं दिलं, तिला माफ कर, स्वतःलाही माफ कर. आणि जातो. त्याचा जीव जाईपर्यंत बाँड हललेला नाही. हा दीड-दोन मिनिटांचा तुकडा कापला आणि उरलेल्याला 'प्रोफेशनल' म्हणून मोकळे.

मला तो डब्याचा सीन बरोबर वाटतो का, तर नाही. पण तो थंडपणा वाटत नाही. म्हातारा ज्याच्या सांगण्यावरून घर सोडून आला आणि मेला, तोच त्याला उचलतोय. तिथे एक क्षण जरी नीट थांबला असता तर कोसळला असता, म्हणून घाईघाईनं डब्यात. राग स्वतःवरचा, निघतोय प्रेतावर. आणि कमिल म्हणजे ती शेजारची बाई (ओल्गा कुरिलेन्को) जे विचारते ना, ते आपल्याच मनातलं विचारते. दिग्दर्शकाला बाँडचं कौतुक करायचं असतं तर तिला गप्प ठेवलं असतं. बरं, पुढे बघा. मॅथिसनं ज्याच्यावर भरवसा टाकला होता तो पोलिसप्रमुख कर्नल कार्लोस शेवटी वाळवंटातल्या हॉटेलात बाँडच्या समोर येतो, आणि गोळी घालण्याआधी बाँड त्याला सांगतो की आपला दोघांचा एक मित्र होता. मित्र म्हणतो तो. ज्याला फरक पडत नाही तो माणूस मारायच्या आधी हे कशाला सांगेल? हे सुडाचं बोलणं आहे, त्याला मी चांगलं म्हणत नाही, पण थंड तर अजिबात नाही. सिनेमाही जरा घाईचा आहे, 106 मिनिटांत उरकलाय, हॉलिवूडच्या लेखकांच्या संपात सापडला होता आणि क्रेगनं नंतर सांगितलं की काही सीन त्याला आणि दिग्दर्शकालाच बसून लिहावे लागले. त्यामुळे दुःखाला जागा कमी पडलीय, हे खरं. म्हणून ते नव्हतंच असं कसं?

चौथा मुद्दा, "खऱ्या हेराला ना नाव, ना समाधी." अरे. एली कोहेन, इस्रायलचा हेर, 1965 च्या मे महिन्यात सीरियानं दमास्कसच्या चौकात जाहीर फाशी दिली. प्रेत आजपर्यंत मिळालेलं नाही आणि त्याची बायको, भाऊ, सरकार, सगळे इतकी वर्षं मागतायत. 2018 मध्ये मोसादनं, म्हणजे इस्रायलच्या गुप्तचर संस्थेनं, काय परत आणलं ठाऊक आहे? त्याचं मनगटी घड्याळ. त्रेपन्न वर्षांनी, शत्रूच्या देशातून, एका घड्याळासाठी ऑपरेशन, आणि मग ते त्याच्या घरच्यांना दिलं. मोसाद काही हळव्या लोकांची संस्था म्हणून ओळखली जात नाही. अमेरिकेच्या सीआयएच्या मुख्यालयात संगमरवरी भिंतीवर मेलेल्यांसाठी एकेक तारा कोरलेला आहे, 1974 मध्ये 31 होते, आता शंभराच्या बरेच पुढे गेलेत, आणि ज्यांचं नाव अजून सांगता येत नाही त्यांच्यासाठी वहीत जागा मोकळी ठेवलीय, पण तारा आहे. आणि मराठीत पोस्ट लिहिणाऱ्यानं तरी हे लिहायला नको होतं. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे, लोक अजून जातात.

पाचवा मुद्दा, मेलेल्याला काही कळत नाही म्हणून त्याच्यासाठी थांबणं म्हणजे टाइमपास. हाच भाच्याला पटलाय, मला माहिती आहे, कारण फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मामा, मी गेलो तर तो परत येणार आहे का?" नाही येणार. माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना म्हणून आम्ही सगळे घाटावर तासभर उन्हात उभे होतो, मी मनातून वैतागलेलो, ऑफिसचे फोन येत होते. तेवढ्यात आमच्या काकांनी पिंडाकडे बघून मोठ्यानं सांगितलं, अण्णा, पोरीच्या लग्नाचं मी बघतो, काळजी करू नको. कावळ्याचं जाऊ दे, पण ते काकांनी बोलून दाखवलं आणि ताईच्या लग्नात मंडप घालण्यापासून सगळं त्यांनीच बघितलं. हे भाच्याला माहीत नव्हतं. त्याच्या आईचीच गोष्ट आहे ही. मित्राची आई दर संध्याकाळी फोन हातात घेऊन बसते असं ताईला कुणीतरी सांगितलंय, तिला ह्याच्याकडून त्याचे कॉलेजातले किस्से ऐकायचेत, बाकी काही नको. फरक मेलेल्याला पडतो का, हा प्रश्नच तिथे नाही. कमिलनंही मॅथिसला कुठे विचारलं होतं, तिनं बाँडला विचारलं होतं.

राहिला सहावा, "बाँड कधी मागे वळून बघत नाही." 'स्कायफॉल' बघा, 2012 चा. सुरुवातीलाच एक जखमी एजंट पडलेला असतो आणि बाँड त्याचं रक्त थांबवायला बघतो, कानात एम ओरडत असते, सोड त्याला, नीघ. शेवटी तीच एम ह्याच्या हातात मरते आणि हा रडतो, सरळ रडतो, त्यात अर्थ लावण्यासारखं काही नाही. आणि मॅथिसनं 2008 मध्ये सांगितलं होतं ना, व्हेस्परला माफ कर? 2021 च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये हा इटलीत मातेराला तिच्या थडग्यावर जातो, तुझी आठवण येते म्हणतो, एक चिठ्ठी जाळतो, चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, मला माफ कर. पोचायला तेरा वर्षं लागली गड्याला, आणि तिथे नेमका बॉम्ब फुटतो, ते सोडा.