शेजाऱ्याने तीन घेतलं ना? मग तुम्ही पाच घ्या

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे सरकला की आपल्या खान्देशी माणसाची छाती दोन इंच फुगते. रसवंतीच्या ताडपत्रीखाली बसून, रुमालाने मान पुसत तो म्हणतो, ‘भो, एवढं ऊन वाया चाललंय, सोलर टाकायला पायजे.’ साक्री तालुक्यात शिवाजीनगरला सरकारने १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ सालीच उभा केला. आपण मात्र शेजाऱ्याच्या गच्चीवर निळ्या काचा चमकल्याशिवाय हलत नाही. आता चमकल्या आहेत. तेव्हा मी स्वतः जे केलं, त्याच मार्गाने तुम्हाला नेतो.

पहिली गोष्ट, वीजबिल अजिबात वाचू नका. त्यावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो आणि तो पाहिला की सगळी मजा जाते. समजा, तुम्ही महिन्याला २०० युनिट जाळता. १ किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. म्हणजे २ किलोवॅटमध्ये महिन्याचे २४० झाले, काम संपलं. हे गणित चौथीतल्या पोराला येतं, म्हणून विक्रेता घरी आला की पोराला खेळायला पाठवा. किलोवॅट ठरवायची आपली पद्धत वेगळी आहे: शेजाऱ्याने ३ घेतलं, तर आपण ५. मी तेच केलं. जास्तीची वीज ‘सरकार विकत घेतं’ म्हणे. घेतं की! मार्चअखेर हिशेब मिटला की उरलेल्या युनिटला जो भाव मिळतो तो पाहून तुम्हाला बाजार समितीत कांदा घेऊन गेल्यासारखं वाटेल.

अनुदानाचंही तसंच. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ ला ७८,००० मिळतात. पुढे ५ घ्या की १० घ्या, आकडा ७८,००० वरच थांबतो. म्हणजे तीनच्या पुढचा प्रत्येक किलोवॅट निव्वळ तुमच्या खिशातून, आणि त्यातच खरा थाट आहे. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेल भारतात बनलेले लागतात, हे विक्रेत्याला विचारू नका. त्याला वाईट वाटतं. तो ‘सगळं करून देतो दादा’ म्हणाला की आगाऊ रक्कम देऊन मोकळे व्हा.

मग दिशा. आपल्या अक्षांशावर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, वीसएक अंश तिरके बसवतात. पण दक्षिण ही यमाची दिशा! आमच्याकडे यावर दोन दिवस खल झाला. शेवटी ‘पॅनेलचं तोंड दक्षिणेला, पण वायर ईशान्येने खाली’ असा तोडगा निघाला आणि वायर चाळीस फूट जास्त लागली. पाण्याची काळी टाकी मात्र आहे तिथेच ठेवा. दुपारी तीननंतर तिची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडते आणि साध्या जोडणीत त्या एकामुळे त्याच्या रांगेतली बाकीची पॅनेलंही मंदावतात. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

गच्ची कुणाची, हा प्रश्न तर आधी काढूच नका. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा जाते. आमच्या पाचशे फुटांवर चैत्र-वैशाखात आजीचं राज्य असायचं. जुन्या धोतरावर कुरडया, पलीकडे ज्वारीचे बिबडे, उडदाच्या पापडांना चार कोपऱ्यांवर चार दगड, आणि राखणीला हातात काठी दिलेला एक पोरगा. पॅनेलवाले आले तेव्हा तिने एवढंच विचारलं, ‘मना पापड कोठे?’ कुणी उत्तर दिलं नाही. विक्रेत्याने ‘स्ट्रक्चर उंच करू, खाली वाळवा आजी’ असं सुचवलं. सोलर विकणाऱ्या माणसाने सावलीत पापड वाळवायला सांगावं, याला हिंमत लागते.

आता उन्हाचा गर्व. पॅनेलला उजेड आवडतो, उष्णता नाही. त्याची क्षमता मोजतात ती २५ अंशांच्या तापमानावर, आणि ते पॅनेलचं तापमान, हवेचं नव्हे. आपल्याकडे दुपारी काच ६५ च्या घरात जाते. २५ च्या पुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. हिशेब करा, किंवा नका करू. वर वावटळीची धूळ बसू द्या, पिठाच्या गिरणीसारखा थर झाला पाहिजे. धुवायचंच झालं तर भर दुपारी एक वाजता, तापलेल्या काचेवर बोअरचं गार पाणी मारा. काच तडकली नाही तर निदान क्षाराचे पांढरे डाग तरी कायमचे राहतील. सकाळी लवकर ओल्या फडक्याने पुसणं हे घाबरट लोकांचं काम.

स्ट्रक्चर सगळ्यात स्वस्त निवडा. रोहिण्यांच्या सुमारास ज्या वादळात रावेर-यावलची केळी आडवी होते, ते वादळ तुमची गच्ची पाहून बाजूने जाईलच. आणि तुमची डाळमिल असेल, म्हणजे मशीन भर दिवसा चालतं आणि ऊनही तेव्हाच असतं, तर तिथे सोलर मुळीच नको. सरळ परवडेल, मग सांगायला काय उरणार?

आमचं सोलर सुरू झालं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी. मी साडूंसह सगळ्या सासुरवाडीला जेवायला बोलावलं. पुरणपोळी, आमरस, आणि हॉलमध्ये १६ वर लावलेला एसी. वीज फुकट म्हटल्यावर १६ च्या वर कोण ठेवतं? पहिली पंगत बसली आणि लाईट गेली.

‘काळजी नको, सोलर आहे,’ मी म्हणालो. पाच मिनिटं झाली. आमरसावर माशी बसली. साडूभाऊ खिडकीतून बाहेर बघून म्हणाले, ‘ऊन तर पडलंय ना?’

विक्रेत्याला फोन केला. त्याने पहिल्यांदाच खरं सांगितलं: बॅटरी नसलेलं सोलर बाहेरची लाईन गेली की स्वतःहून बंद पडतं. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून उलटा करंट बसू नये म्हणून. बॅटरी हवी होती तर आधी बोलायचं होतं, दादा.

दुसरी पंगत गच्चीवर हलवली, पॅनेलखाली. आजी खाटेवर पाय पसरून बसली होती. साडूभाऊंनी वर बघत पॅनेल मोजली. एकदा, मग पुन्हा एकदा.

‘किती किलोवॅट म्हणाला?’

‘पाच.’

‘त्या माणसाचा नंबर दे. मी आठ टाकतो.’

मी लगेच पाठवला.