अडला हरी आणि पीडीएफ

पीएच.डी.चा प्रबंध ग्रंथालयात येतो तो थेट नवरदेवाच्या थाटात. काळे रेक्झिन, सोनेरी अक्षरे, पाठीवर नाव आणि साल. मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेल्या कागदी पाकिटात त्याची करवली, म्हणजे सीडी. नवरदेवाला कपाटात उभे केले की त्याचे काम संपले, पुढे त्याला सहसा कुणी हात लावत नाही. आमचा सगळा व्यवहार करवलीशी, कारण तिच्यातली फाइल आम्हाला शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढवायची असते. आणि करवली रुसलेली. ड्राइव्हमध्ये घातली की घुर्र करते, थांबते, पुन्हा घुर्र करते आणि बाहेर येते.

तिच्या रुसण्याला कारण आहे. सीडी जपायची म्हणजे खालची चकचकीत बाजू जपायची, असा सार्वत्रिक समज आहे. माहितीचा थर असतो वर, लेबलाच्या बाजूला, पातळ लेपाच्या खाली. आणि नेमका तिथेच आमच्याच टेबलावर बॉलपेन दाबून दाखल क्रमांक कोरला जातो. त्यावर कुणी कागदी स्टिकर तिरका चिकटवला की चकती फिरताना डुलते. शिवाय नव्या संगणकांना ड्राइव्हच नसतो. बाहेरून जोडायचा एक आहे, तो कपाटात, आणि कपाटाची किल्ली रजेवर. म्हणून या कामातल्या सुधारणेचे पहिले कलम: सीडी घेणे बंद. यावर बैठकीत हमखास प्रश्न येतो, "मग पाकिटात काय ठेवायचे?"

सीडी गेली तरी आत आहे ती फाइल राहतेच. अडीचशे पानांचा प्रबंध वर्डमधून सरळ पीडीएफ केला तर काही एमबीत मावतो. आमच्याकडे येतो तो सहाशे-सातशे एमबीचा. कारण संशोधक आधी सगळा प्रबंध छापतो, त्यातल्या तीन-चार पानांवर सह्या घेतो आणि मग अख्खा गठ्ठा झेरॉक्सवाल्याकडे स्कॅनला टाकतो. झेरॉक्सवालाही "पीएच.डी.चं आहे" म्हटल्यावर आदराने ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, आणि रंगीत लावतो. डीपीआय दुप्पट केला की ठिपके चौपट होतात. ए-फोरचे पान ३०० ला सुमारे ८७ लाख ठिपक्यांचे, ६०० ला साडेतीन कोटींच्या घरातले. एवढे करून त्यातला एक शब्द शोधता येत नाही, कारण ते अडीचशे फोटो आहेत, आणि अधूनमधून झेरॉक्सवाल्याचा अंगठाही.

उपाय घरगुती आहे. वर्डमधून पीडीएफ करायची, फक्त सह्यांची पाने ३०० डीपीआयला स्कॅन करायची आणि मूळ पानांच्या जागी बसवायची. पीडीएफसॅमसारख्या फुकटच्या साधनाने हे दहा मिनिटांत होते. फाइलला पासवर्ड नको. कुलूपबंद फाइल चढते, दिसतेही, पण ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे वाचणारे सॉफ्टवेअर, तिला हात लावू शकत नाही आणि उचलेगिरी पकडायला इतर लेखनाशी साम्य तपासणारे सॉफ्टवेअर तिच्यापुढे हात टेकते.

आता नावे. शोधगंगेवर प्रबंध एका फाइलीत जात नाही, तुकडे करून जातो: ०१ टायटल, ०२ प्रिलिम पेजेस, म्हणजे सर्टिफिकेट वगैरे सुरुवातीची पाने, पुढे अनुक्रमणिका, प्रकरणे, परिशिष्टे. आकड्याआधीचे शून्य शोभेचे नाही. संगणक नावे अक्षराने लावतो, त्यामुळे नुसते १, २, ३ लिहिले की दहावे प्रकरण दुसऱ्याच्या आधी जाऊन बसते आणि निष्कर्ष प्रस्तावनेला मागे टाकतात. (काही प्रबंधांत वाचकाला फरक कळत नाही, ते सोडा.) शेवटची फाइल ८० क्रमांकाची, नाव 'रेकमेंडेशन'. तिच्यात मुखपृष्ठ आणि शेवटचे निष्कर्षाचे प्रकरण घालायचे असते. संशोधक नाव वाचतो आणि गाइडसरांचे शिफारसपत्र जोडतो. या एका फाइलीचा खुलासा आम्ही तक्त्यावर लाल शाईत केला. आता लोक शिफारसपत्र लाल शाईत आणतील अशी भीती आहे.

पण हे सगळे आंघोळीचे पाणी. खरा डोह मराठी प्रबंधाचा आहे.

पडद्यावर छान मराठी दिसते. त्यातला एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये टाकावा, तर इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरच्या खुणा सांडतात. जुना फॉन्ट! टायपिंगवाल्याने वीस वर्षांपूर्वी घेतलेला, त्याच्या मांडणीत मराठी अक्षर नुसते चित्र असते, आत इंग्रजीच. असा प्रबंध साम्य तपासायला लावला की अहवाल येतो शून्य टक्के आणि संशोधक पेढे घेऊन येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ, ४० पर्यंत सुधारून आणा, ६० पर्यंत वर्षभर थांबा, त्यावर गेले तर नोंदणीच रद्द. शून्याबद्दल नियम गप्प आहेत. आम्हाला मात्र पंधरापेक्षा शून्याची धास्ती जास्त. साडेतीनशे संदर्भ देऊन एकही ओळ कुणाशी जुळत नाही, याचा अर्थ यंत्राने प्रबंध वाचलेलाच नाही.

युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर आतूनही मराठीच ठेवणारी पद्धत, वापरली म्हणजे सुटलो, असेही नाही. पीडीएफमधून मजकूर उचलताना रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, कारण काही पीडीएफ अक्षरे दिसण्याच्या क्रमाने ठेवतात, उच्चाराच्या नाही. 'मार्गदर्शक' उचलला की खाली 'मागर्दशर्क' पडतो. अशी नावे मेटाडेटात, म्हणजे प्रबंधाच्या नोंदीतल्या रकान्यांत, चिकटवली जातात आणि विद्वान माणूस आयुष्यभर 'मागर्दशर्क' राहतो. 'मार्गदर्शक' शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

यासाठी आमची एक मिनिटाची तपासणी आहे: मधले कुठलेही पान उघडायचे, चार ओळी उचलायच्या, नोटपॅडमध्ये टाकायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. वाचता आल्या तर पास. रफार पळाला असेल तर शीर्षक, गोषवारा आणि कळीचे शब्द पीडीएफमधून उचलायचे नाहीत, फॉर्ममध्ये युनिकोडमध्ये टाइप करून घ्यायचे. जुना फॉन्ट निघाला तर वर्ड फाइल मागायची आणि बदलून आणायला लावायचे. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, त्यामुळे एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लावला की जोडाक्षरांची भेळ होते. वर्ड फाइल हरवलीच असेल, तर पानांच्या प्रतिमा करून टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरला मराठी निवडून वाचायला द्यायच्या. तो डोळ्यांना दिसते तेच वाचतो, फॉन्टच्या पोटात काय आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. चुका करतो, पण माणसासारख्या करतो.

मेटाडेटा भरताना तर एकेका गाइडचे दशावतार घडतात. कुणी 'डॉ.' लावून लिहितो, कुणी 'प्रा. डॉ.', कुणी आडनाव आधी, कुणी फक्त आद्याक्षरे. नियमाने प्राध्यापकाला एका वेळी ८ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. आमच्या यादीत ते आठ विद्यार्थी पाच वेगवेगळ्या गाइडांकडे शिकलेले दिसतात आणि निम्मे गाइड 'डॉ.' मुळे 'ड' खाली रांगेत उभे. म्हणून नाव टाइप करूच द्यायचे नाही, यादीतून निवडायला लावायचे. विभागाचेही तसेच. तारखा वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, नाहीतर ०४/०५ हा ४ मे की ५ एप्रिल यावर एक्सेलचे आणि आपले कधीच जमत नाही. आणि एक्सेलमधून सीएसव्ही (नुसत्या मजकुराची यादी) काढताना यूटीएफ-८ (युनिकोड साठवायचा प्रकार) निवडायचे राहिले, तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ मिळते.

शीर्षके तीन असतात. एक समितीने मंजूर केलेले, दुसरे मुखपृष्ठावरचे, तिसरे पदवी जाहीर करणाऱ्या, परीक्षा विभागाच्या नोटिफिकेशनमधले. एकात 'ग्रामीण भागातील', दुसऱ्यात 'ग्रामीण भागामधील', तिसऱ्यात एक स्वल्पविराम कुठल्या कुठे. आमचा दंडक: मुखपृष्ठ आणि नोटिफिकेशन जुळेपर्यंत नोंद पुढे सरकणार नाही. एकाने भरायचे, दुसऱ्याने फक्त शीर्षक, नाव, गाइड आणि साल ताडून बघायचे. दुसऱ्याने सगळे बघायचे ठरले की तो काहीच बघत नाही.

त्रुटी सांगायच्या त्या एकदम, एका कागदावर. आज पासवर्ड, परवा फॉन्ट, पुढच्या सोमवारी ८० क्रमांक, असे हप्त्याने सांगितले की माणूस सहा हेलपाटे घालतो आणि सातव्याला ओळखीच्या नगरसेवकाला घेऊन येतो.

आणि हे सगळे कधी करायचे, यातच खरी मेख आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, या म्हणीतले गाढव आम्ही, हे एकदा मान्य केले की कामाचा क्रम आपोआप लागतो. हरी अडलेला असतो तेवढ्यातच सगळे उरकायचे. आयोगाच्या २००९ च्या नियमांत पदवी जाहीर झाल्यावर ३० दिवसांत सॉफ्ट कॉपी पाठवा, असे होते. म्हणजे हरीने पाय सोडल्यावर. तेव्हा त्याला फोन केला की तो मीटिंगमध्ये असतो. २०१६ मध्ये 'नंतर'चे 'आधी' झाले: मूल्यमापन संपल्यावर, पण पदवी जाहीर होण्याआधी शोधगंगा चालवणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे प्रत गेली पाहिजे. २०२२ च्या नियमांतही तेच कायम. कागदावर हरी आमच्या हातात आला. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी अजूनही नोटिफिकेशन आधी निघते आणि प्रबंध मागाहून, गठ्ठ्याने येतात. आम्ही तर म्हणतो व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेचीही, वाट बघू नका. प्रबंध परीक्षकांकडे जाताना फॉन्ट आणि फाइल तपासा, व्हायवानंतर फक्त दुरुस्त पाने बदला, आणि ग्रंथालयाच्या पावतीशिवाय नोटिफिकेशनची फाइल हलू देऊ नका.

काही गाइड 'चोरी होईल' म्हणून प्रबंध कायमचा बंद ठेवा म्हणतात. पेटंट किंवा पुस्तक अडले असेल तर सहा महिने, वर्ष, फार तर दोन वर्षे, उघडण्याची तारीख टाकूनच. तारखेचा रकाना रिकामा सोडला की प्रबंध तळघरात गेला. खरे तर कपाटातल्या प्रबंधाची चोरी कुणाच्या लक्षात येत नाही, जाळ्यावरच्याची यंत्र लगेच पकडते.

सुटलेला हरी परत येतो, हे मात्र नक्की. तीन-चार वर्षांनी, मुलाखतीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाचला फोन येतो: "सर, शोधगंगेची लिंक लागते, उद्या शेवटची तारीख आहे." नोंद काढून बघावी, तर प्रलंबित. शेरा: फाइलला पासवर्ड. आम्ही अत्यंत नम्रपणे तो विचारतो. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहतो.