‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ : फील्ड्सवरच्या कमेंटला उत्तर

तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि आज ट्रेनमध्ये परत एकदा वाचली. मनापासून लिहिलंय तुम्ही, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाहीये मला.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या आमच्या जेट्सनी मार्च २०२५ मध्ये जस्टिन फील्ड्स या क्वार्टरबॅकला (पास फेकणारा मुख्य खेळाडू) दोन वर्षांसाठी ४० मिलियन डॉलरला घेतलं ते मला पटलंय, आणि आमच्याकडे फसून नंतर मिनेसोटात चाललेल्या सॅम डार्नोल्डचं उदाहरण दिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की क्वार्टरबॅक कसा आहे ते कॉलेजच्या टेपमध्येच (सामन्यांच्या व्हिडिओत) दिसतं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि फ्री एजंट (कॉन्ट्रॅक्ट संपून मोकळा झालेला खेळाडू) म्हणजे दुसऱ्याने वापरून टाकलेला माल. आणि शेवटी, ‘तुमच्या हिशोबात पोरगा चालला तर पोरगा गुणी, नाही चालला तर टीम वाईट, मग तुम्ही चुकणार तरी कधी?’

हा शेवटचा प्रश्न मला लागला, कारण तो बरोबर आहे. मी गेली काही वर्षं असंच लिहीत आलोय. त्याचं उत्तर देतोच, पण त्याआधी २०१८ च्या ड्राफ्टबद्दल (टीम आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) बोलू, कारण तुम्ही स्वतःच तिथून सुरुवात केलीये.

त्या वर्षी पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. मेफील्ड पहिला, डार्नोल्ड तिसरा, जॉश ॲलन सातवा, जॉश रोझन दहावा आणि लमार जॅक्सन थेट बत्तिसावा. तुम्ही म्हणता डार्नोल्डच्या टेपमध्ये सगळं होतं, यूएससी कॉलेजच्या शेवटच्या सीझनला १३ इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), बॉल हातात धरून उभं राहायची सवय, आणि मी ते लपवलं. हो, मागच्या पोस्टमध्ये ते यायला हवं होतं, नाही आलं, ती चूक माझी. पण हीच पट्टी ॲलनला लावा ना. वायोमिंगमध्ये त्याचं कंप्लिशन (पूर्ण झालेले पास) ५६ टक्के, तेही माउंटन वेस्ट या दुय्यम गटात, म्हणजे समोर अलाबामा-जॉर्जियाचे डिफेन्स नव्हते. टेप बघून अर्धी दुनिया म्हणत होती की हा पोरगा लांब फेकतो पण कुठे फेकतो त्यालाच माहीत नाही, मीही तेच म्हणत होतो. रूकी म्हणजे पहिल्या वर्षी ५२.८ टक्के, तिसऱ्या वर्षी ६९.२, आणि २०२४ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. आणि ज्याला सगळे सर्वांत तयार, सर्वांत सफाईदार म्हणत होते तो रोझन, त्याला ॲरिझोनानं एका वर्षात विकून टाकलं. मग टेपमध्ये नक्की काय दिसलं होतं?

मला विचाराल तर टेपमध्ये अर्धंच दिसतं. उरलेलं अर्धं पुढच्या दोन मार्च महिन्यांत ठरतं, फ्री एजन्सी उघडते तेव्हा. ड्राफ्ट वेगळा आणि फ्री एजन्सी वेगळी असं आपण बोलतो तिथेच माझ्या मते गडबड होते.

२०१९ चा मार्च बघा. बफेलो आणि जेट्स, एकाच डिव्हिजनमधल्या दोन टीम, दोघांकडे एक वर्षाचा क्वार्टरबॅक आणि दोघांच्या खिशात भरपूर कॅप (पगारावर खर्च करायची मर्यादा). बफेलोनं कॅन्सस सिटीकडून मिच मॉर्स नावाचा सेंटर (क्वार्टरबॅकला बॉल देऊन त्याला वाचवणाऱ्या लाइनचा मधला माणूस) आणला, सोबत फेलिसियानो, न्सेखे, स्पेन असे लाइनमन गोळा केले, कोणाच्या पोस्टरवर यायची नावं नव्हेत ही, आणि रिसीव्हर (पास झेलणारे) म्हणून जॉन ब्राउन आणि कोल बीस्ली घेतले, एक खोल पळणारा आणि एक मधल्या जागेत हमखास मोकळा सापडणारा. म्हणजे ॲलनला जे जमत नव्हतं, छोटे सोपे पास, त्यासाठीच माणूस विकत आणला. पुढच्या मार्चला डिग्ज या रिसीव्हरसाठी पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमधली निवडीची पाळी) देऊन टाकला.

जेट्सनी त्याच मार्चमध्ये बॉल घेऊन पळणाऱ्या लेव्हिऑन बेलला ५२.५ मिलियन आणि डिफेन्सच्या सी. जे. मोझ्लीला ८५ मिलियन दिले. रिसीव्हर क्राउडर घेतला, तो चांगला होता, नाही म्हणत नाही. पण सेंटर? सेंटरसाठी ऑगस्टमध्ये रायन कलिलला फोन गेला, जो रिटायर होऊन घरी बसला होता. मे महिन्यात, म्हणजे पैसे उडवून झाल्यावर आणि ड्राफ्टही उरकल्यावर, जीएमला (टीम जमवणारा मॅनेजर) काढलं. आणि ज्या ट्रेडमध्ये डार्नोल्डसाठी सहाव्या नंबरवरून तिसऱ्यावर गेलो त्यात कोल्ट्सना दुसऱ्या फेरीचे तीन पिक दिले होते, कोल्ट्सनी त्या सहाव्या नंबरवर क्वेंटन नेल्सन घेतला आणि ३७ व्यावर ब्रॅडन स्मिथ, एक गार्ड आणि एक टॅकल, दोघं लाइनचेच, आणि वर्षानुवर्षं खेळले. म्हणजे आपण पोरगा आणला आणि त्याला वाचवणारी माणसं देऊन आलो. हे आठवलं की आजही पोटात तुटतं माझ्या.

२१ ऑक्टोबर २०१९, सोमवार रात्र, मेटलाइफ, पेट्रियट्स. मी होतो तिथे, वरच्या मजल्यावर, एका मित्राच्या तिकिटावर. वरून बघायचा एक फायदा असतो, बॉल कुठे गेला त्यापेक्षा पाय काय करतायत ते दिसतं. सुरुवातीला डार्नोल्ड तीन पावलं मागे जाऊन थांबायचा, निदान थांबायचा तरी. पेट्रियट्स सगळे पुढे धावून यायला लागले, मागे कोणी न ठेवता, आणि हळूहळू असं झालं की स्नॅप (सेंटरनं दिलेला बॉल) हातात आल्या आल्या त्याचे पाय डावीकडे सरकायचे, डावीकडून कोणी येत नसलं तरी. सेंटर आणि गार्ड एकमेकांकडे बघत हात हलवत होते की तुझा माणूस की माझा. ३२ पैकी ११ पास, ८६ यार्ड, ४ इंटरसेप्शन, ३३-० हरलो. बेंचवर तो म्हणाला की मला भुतं दिसतायत, त्याच्या अंगावर टीव्हीवाल्यांचा माइक होता, म्हणून सगळ्या देशानं ऐकलं. आम्हाला स्टेडियममध्ये ऐकू आलं नाही, घरी येऊन क्लिप बघितली. बावीस वर्षांचा पोरगा तो, महिनाभर आधी मोनो (थकवणारा विषाणूचा ताप) होऊन तीन सामने घरी बसून आलेला, आणि दुसऱ्या दिवशी सगळं न्यू जर्सी हसत होतं. मी नाही हसू शकलो.

तोच माणूस २०२४ ला मिनेसोटामध्ये. एक वर्ष, १० मिलियन, तेही नवा क्वार्टरबॅक मकार्थीच्या गुडघ्याला लागलं म्हणून सगळा सीझन मिळाला. ओकॉनेलसारखा कोच, जेफरसनसारखा रिसीव्हर, ३५ टचडाउन, टीम १४-३. तुम्ही लिहिलंय की शेवटच्या दोन सामन्यांत त्याचं खरं रूप दिसलं, डेट्रॉइटकडे ३१-९ आणि प्लेऑफला (बाद फेरीत) रॅम्सकडे २७-९. बरोबर, वाईट खेळला, बॉल धरून उभा राहिला, ती यूएससीची सवय गेलेली नाहीये पूर्ण. पण रॅम्सनी त्याला ९ वेळा सॅक केलं (पास टाकायच्या आत पाडलं) हो त्या सामन्यात. १६ सामन्यांत जे दिसलं ते खोटं आणि दोनात दिसलं तेच खरं, असं का म्हणायचं? आडात पाणी होतं. आमच्या जेट्सचा दोर तुटका होता.

आता तुमचा तो लागलेला प्रश्न. सगळं टीमवर ढकलतो का मी? नाही, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या नाइनर्सकडे बघून मला हे मान्य करावं लागतं. २०२१ ला त्यांनी क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी पहिल्या फेरीचे तीन पिक मोजले. कोच शॅनहन, म्हणजे क्वार्टरबॅकला याहून चांगलं घर लीगमध्ये सापडणं अवघड. लान्स नाही जमला. पुढच्या वर्षी २६२ वा, ड्राफ्टचा सगळ्यात शेवटचा पिक, ब्रॉक पर्डी, तेच मैदान, तोच कोच, तीच प्लेबुक, आणि तो दुसऱ्याच सीझनला टीमला सुपर बोलपर्यंत (लीगची फायनल) घेऊन गेला. घर एकच आणि दोन पोरांचे दोन निकाल, तर फरक पोरांतच असणार. लान्सच्या कॉलेजमध्ये सुरुवातीपासून खेळलेल्या मॅच १७, पर्डीच्या ४६. तेवढे स्नॅप घेतलेला माणूस चुकून शिकलेला असतो, त्याचा डोळा लवकर हलतो. इथे तुमचं म्हणणं खरं ठरतं, हे कॉलेजच्या टेपमध्ये होतं, पण सगळे लान्सच्या खांद्याकडे बघत होते.

आणि हा डोळा हलणं कुठल्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीची शारीरिक चाचणी) मोजत नाहीत. इंडियानापोलिसला हाताचा पंजा मोजतात, क्वार्टरबॅक जो बरोचा ९ इंच निघाला तर आठवडाभर चर्चा, चाळीस यार्ड पळवतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये मेफील्डला पँथर्सनी सोडलं, मंगळवारी तो रॅम्सकडे पोचला, गुरुवारी रात्री रेडर्ससमोर मैदानात, शेवटच्या मिनिटांत ९८ यार्ड, एकही टाइमआउट हाताशी नाही, आणि १७-१६ जिंकून दिलं. दोन दिवस! प्लेबुकची पानं उलटायला पुरत नाहीत तेवढ्यात. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो. त्याच माणसाला पुढच्या मार्चला टॅम्पानं एका वर्षाला ४ मिलियन देऊन घेतलं, बाकी कोणाला फार रस नव्हता, आणि २०२४ ला त्याचे ४१ टचडाउन. टाकलेला माल म्हणता ना, तो हाच.

पण फ्री एजन्सीबद्दलची तुमची भीती मला कळते. अटलांटानं २०२४ च्या मार्चमध्ये क्वार्टरबॅक कझिन्सला १८० मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, १०० गॅरंटीड, पस्तीस वर्षांचा माणूस आणि टाचेची नस (अकिलिस) फाटून सहा महिनेही झाले नव्हते. दीड महिन्यात आठव्या नंबरवर दुसरा क्वार्टरबॅक पेनिक्स ड्राफ्ट केला. डिसेंबरमध्ये कझिन्स बेंचवर, १८ टचडाउन आणि १६ इंटरसेप्शन. यात मला माणसापेक्षा किमतीचा दोष जास्त वाटतो. मार्चमध्ये बाजारात येणारा प्रत्येक जण त्याला सर्वांत जवळून ओळखणाऱ्या टीमनं जाऊ दिलेला असतो, त्यामुळे पहिला प्रश्न हाच की का जाऊ दिला. कधी दुखापत, कधी वय, कधी नवा कोच आला आणि त्याला स्वतःचा पोरगा हवा होता. शेवटचं कारण असेल तर तिथे खरी संधी असते.

फील्ड्सचं कारण बऱ्याच अंशी तेच आहे. शिकागोत त्याला ज्यांनी ड्राफ्ट केला तो जीएम आणि तो कोच एका वर्षात गेले. पहिला स्टार्ट (सुरुवातीपासून खेळलेला सामना) क्लीव्हलँडला, ९ सॅक, आणि सगळ्या टीमचे मिळून नेट पासिंग यार्ड किती, तर १. एक! नंतर पहिला पिक हाताशी आला म्हणून नवा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स, आणि फील्ड्स पिट्सबर्गला, तिथे सहा स्टार्टपैकी चार जिंकला आणि तरी बसवला. वर्षाला २० मिलियन म्हणजे २०२५ च्या २७९.२ मिलियनच्या कॅपमध्ये साधारण सात टक्के, जिथे डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटचा भाव वर्षाला ६० आहे. फसला तर दोन वर्षांत मोकळे, कझिन्ससारखं गळ्यात पडत नाही.

तरी तुमचा एक आकडा मला झोपू देत नाही, २०२२ चे ५५ सॅक. ३१८ पास आणि ५५ सॅक, म्हणजे साधारण दर सात वेळेला एकदा खाली. सगळे लाइनच्या माथी मारता येत नाहीत, टेप बघा, पॉकेट (लाइननं त्याच्याभोवती राखलेली जागा) स्वच्छ असतानाही तो दुसऱ्या रिसीव्हरवरून तिसऱ्याकडे जात नाही, पहिल्याकडेच बघत राहतो आणि मग पळतो. हा दोष त्याचा स्वतःचा आहे.

म्हणून मी चुकलो हे कसं ठरवायचं ते आत्ताच, मे २०२५ मध्ये लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात ड्राफ्टला जेट्सनी सातव्या नंबरवर आर्मंड मेंबू घेतला, राइट टॅकल. त्याच्या आधीच्या वर्षी फशानू, तोही टॅकल. मार्चमध्ये ग्रीन बेचा सेंटर जॉश मायर्स आणला. गॅरेट विल्सन तर फील्ड्सचा ओहायो स्टेटचाच जोडीदार. म्हणजे २०१९ ला जे केलं नाही ते या वेळी बऱ्यापैकी केलंय, त्यामुळे ‘टीम वाईट होती’ हे कारण मला यंदा वापरता येणार नाही आणि मी वापरणारही नाही. सहा-सात सामने झाले की दर किती ड्रॉपबॅकला (पाससाठी मागे सरकणं) एक सॅक ते मोजू. लाइन उभी असताना आकडा सात-आठवरच अडकलेला असेल तर आडात नव्हतंच असं मी इथेच लिहीन, तुमचं नाव घेऊन. बारा-तेराच्या पुढे गेला असेल तर तुम्ही या परत, तेव्हा बोलू.

आणि हो, पहिला होम गेम बघायला मेटलाइफला येणार असाल तर कळवा, मी वरच्या मजल्यावरच बसतो, तिथून पाय नीट दिसतात.