दुसरी सही

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या दोनच विषय चालतात: कापसाचा भाव आणि उशिरा काढलेले जन्मदाखले खरे की खोटे. दुसऱ्यात माझ्या मामेबहिणीची लेक ओढली गेली. "पोट्टी बर्मिंगहॅमले झाली न बाप्पा, मंग तिले आपला कागद काहून पायजे?" एकानं विचारलं, आणि खाली धडाधड अंगठे पडले.

पोरगी तिकडची झालेलीच नाही. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून नुसत्या जन्मावर नागरिकत्व मिळत नाही. आईबापांपैकी एक तरी तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी लागतो. ही दोघं कामाच्या व्हिसावर होती. म्हणजे तिला भारताचाच कागद हवा. त्यासाठी वर्षभरात वकिलातीत जन्माची नोंद करायची, नाहीतर केंद्र सरकारची परवानगी काढायची. अन् संसार मोडायला लागला की वर्ष कुठं पुरतं? नोटिसा, भाड्याची नवी खोली, पाळणाघर, नोकरी. त्यात अर्जावर दोघांच्या सह्या. जावईबापूंचा निरोप आला, "आधी दागिन्यांचं मिटवा." बापाच्या चौकटीपुढं पेन्सिलीची फुली मारून अर्ज परत आला.

कायदा मात्र केव्हाच पुढं गेलाय. १० डिसेंबर १९९२ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडूनही भारताचं नागरिकत्व मिळतं. महाराष्ट्रानं तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं केलं. नावाला आई चालते, सहीला बाप हवाच! दुसरा पालक संमती देत नसेल तर पासपोर्टच्या नियमांत जोडपत्र 'सी'ची, म्हणजे एकट्या पालकाच्या घोषणापत्राची, वाट आहे, पण खिडकीवर ती आपणहून कोणी सांगत नाही.

इंग्लंडचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. तिथं लग्नाच्या जोडप्यातल्या कुणाही एकाच्या सहीवर जन्म नोंदला जातो, मुदत ४२ दिवसांची. पण ती नोंद हातात घेऊन पोर कुठल्याच देशाची होत नाही.

गावातल्या वादातही तथ्य आहे. वर्ष उलटल्यावर दाखला मागितला तर दंडाधिकाऱ्यानं चौकशी करावीच. खोटे दाखले कोणाला हवेत? पण उशीर झाला म्हणजे लबाडी केली, हा हिशेब मला पटत नाही. मामा ग्रामपंचायतीत विचारून आले. आईबाप कायमचे परतणार असतील तर मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथंही जन्म नोंदवता येतो, जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात तशी सोय आहे. पण पोर येणार कशी, पासपोर्टाशिवाय? आणि ती नोंद झाली तरी ती जन्माची, नागरिकत्वाची नव्हे.

माझं मागणं एवढंच: घटस्फोटाचा खटला चालतो तेवढा काळ वर्षाच्या मुदतीतून वगळा. कोर्टानं मुलाचा ताबा आईला दिला असेल तर तिची एकटीची सही घ्या, आणि हे अर्जाच्या पहिल्या पानावर मराठी-हिंदीत छापा.