त्रिमितीय मूलपेशी ‘अदृश्य’ नसतात

‘त्रिमितीय पद्धतीने वाढवलेल्या मूलपेशी प्रतिकारयंत्रणेला दिसतच नाहीत, म्हणून कुणाच्याही पेशी कुणालाही चालतात’ असा मजकूर सध्या फिरतोय. पहिलं विधान चूक, दुसरं धोक्याचं.

मुळात थोडं तथ्य आहे. मेसेन्कायमल मूलपेशी (अस्थिमज्जा, चरबी अशा ऊतींत सापडणाऱ्या मूलपेशी) सपाट प्लास्टिकवर न पसरवता लोंबत्या थेंबात ठेवल्या की थेंबाच्या तळाशी जमून त्यांचा गोळा होतो; हीच त्रिमितीय वाढ. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा गोळ्यांनी टीएसजी-६ हे दाहशामक प्रथिन कितीतरी जास्त बनवलं. प्रोस्टाग्लँडिन ई२ हे संदेशवाहक रसायनही वाढतं आणि त्याने मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींचा आक्रमकपणा निवळतो. टी पेशींचं, म्हणजे परक्या पेशी ओळखून हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशींचं गणित मात्र निराळं. २०२०च्या एका अभ्यासात गोळ्याच्या रूपातल्या मानवी मेसेन्कायमल पेशींची टी पेशींना रोखण्याची क्षमता चक्क नाहीशी झाली! हे फिरत्या मजकुरात अर्थातच नाही.

राहिला प्रश्न ‘न दिसण्या’चा. एचएलए ही पेशीच्या पृष्ठभागावरची ओळखखूण पेशींचा गोळा केल्याने पुसली जात नाही. आजूबाजूला इंटरफेरॉन गॅमा हे प्रतिकारपेशींनी सोडलेलं प्रथिन असेल तर उलट ठळक होते. परक्या दात्याच्या मेसेन्कायमल पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाल्याच्याही नोंदी आहेत. जाहिरातीत नुसतं ‘थ्री-डी’ दिसलं, तर परिणाम नेमका कोणत्या प्रतिकारपेशींवर तपासला, एवढं विचारून बघा.